चहा बुडाला, पण बंदूक कोणीं उचलली?

मागल्या महिन्यांत तालुक्याच्या गांवीं एका विद्वान गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय होता अमेरिकेची राज्यक्रांति. मी खेड्यांतला मास्तर. व्हर्नाक्युलर फायनल आणि त्यापुढें ट्रेनिंग कॉलेज, एवढीच माझी विद्या. पण पोरांना इतिहास शिकवावा लागतो, म्हणून आठ मैल चालत गेलों. बरोबर गांवचा एक चांभार आणि दोन कुणबी होते. व्याख्यान दोन तास चाललें. त्यांत वकील आले, व्यापारी आले, जमीनदार आले, भाषणें आलीं, जाहीरनामे आले. शेवटीं वक्तेमहाशय म्हणाले कीं, विद्वानांनीं विचार दिला आणि अडाणी जनता त्यांच्या मागून चालत गेली. टाळ्या झाल्या. परत येतांना ओढ्यापाशीं चांभारदादांनीं मला विचारलें, "मास्तर, त्या मुलखांत चांभार नव्हतेच कां हो?"

होते दादा, होते. आणि नुसते जोडे शिवीत बसलेले नव्हते. बोस्टन शहरांतल्या पहिल्या मोठ्या दंग्याचा म्होरक्या चांभार होता. चहा बुडविणाऱ्यांत चांभार होता. सरकारी फौज निघाल्याची वर्दी घेऊन रात्रीं घोडा पिटाळणारा एक सोनार होता, दुसरा कातडीं कमावणारा. कोर्टें बंद पाडणाऱ्यांचा पुढारी लोहार होता. आणि पहिल्या दिवशीं गोळी खाऊन पडले ते बहुतेक शेतकरी. हें सर्व छापलेल्या इतिहासांत आहे. वक्तेमहाशयांनीं तें वाचलें नसेल असें मला वाटत नाहीं. वाचलें असेल, पण सांगण्याजोगें वाटलें नसेल. म्हणून आज मी सांगतों.

आधीं तक्रार काय होती तें पाहूं. १७६३ सालीं इंग्रज-फ्रेंचांचें सात वर्षांचें युद्ध संपलें. कॅनडा इंग्रजांच्या हातीं आला, पण इंग्लंडच्या डोक्यावरचें कर्ज जवळजवळ दुप्पट झालें. शिवाय अमेरिकेंत सुमारें दहा हजार फौज ठेवावयाची ठरली. तिचा खर्च कोणीं द्यावयाचा? अटलांटिकच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. त्यांनीं द्यावा, असें पार्लमेंटनें ठरविलें. खरें सांगावयाचें तर इंग्लंडांतला माणूस ह्या वसाहतवाल्यांपेक्षां पुष्कळ अधिक कर देत होता. पण भांडण आंकड्याचें नव्हतें. ज्या सभेंत आमचा एकही माणूस बसत नाहीं, त्या सभेनें आमच्या खिशांत हात घालावयाचा कीं नाहीं, ह्याचें भांडण होतें. आज तीन पैसे घेतले; उद्यां रुपया घेतला तर अडविणार कोण?

त्याच १७६३ सालीं राजानें फर्मान काढलें कीं, ॲपलाचियन डोंगरापलीकडे वसाहतवाल्यांनीं वस्ती करूं नये. ती जमीन तेथल्या मूळच्या रहिवाशांची. हें फर्मान वसाहतवाल्यांना फार झोंबलें. येथें मला थांबून सांगितलें पाहिजे कीं, ह्या एका तक्रारींत न्याय वसाहतवाल्यांच्या बाजूला नव्हता. ज्यांना जमीन पाहिजे होती त्यांत कर्जबाजारी शेतकरीही होते आणि हजारों एकर बळकावूं पाहणारे बडे सट्टेवालेही होते. जमीन मात्र दोघांचीही नव्हती. राज्यक्रांतीच्या सगळ्याच तक्रारी सोवळ्या असतात असें समजण्याचें कारण नाहीं.

१७६४ सालीं साखरेचा व काकवीचा कायदा आला. काकवीवरील जकात गॅलनमागें सहा पेनींवरून तीन पेनींवर आणली. कमी केली तर ओरड कां? कारण सहा पेनी कोणी भरीतच नव्हता, आणि तीन मात्र सक्तीनें वसूल होऊं लागल्या. चोरटा माल पकडला तर खटला ज्यूरीशिवायच्या कोर्टांत चालावयाचा. त्याच वर्षीं वसाहतींच्या कागदी चलनावर निर्बंध आले. न्यू इंग्लंडांत ते १७५१ पासूनच होते. शेतकऱ्याच्या घरीं धान्य असतें, लोणी असतें, पण चांदीचें नाणें नसतें. कर आणि कर्ज फेडावयाचें मात्र नाण्यानेंच. नाण्याची टंचाई कोणाच्या गळ्याला फास लावते, हें ज्यानें हंगामांत धान्य स्वस्त विकून देणें भागविलें आहे त्याला मीं सांगण्याची गरज नाहीं.

मग १७६५ चा स्टँपाचा कायदा. कोर्टाचा कागद, खरेदीखत, परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, खेळावयाचे पत्तेसुद्धां सरकारी शिक्क्याच्या कागदावर पाहिजेत, आणि त्या शिक्क्याचे पैसे इंग्रजी नाण्यांत पाहिजेत. स्टँपाचा कागद म्हणजे काय चीज आहे हें आपल्याला कळतें. दावा हरणारा रडतोच, पण जिंकणाराही घरीं येऊन खर्चाचा हिशेब करीत बसतो.

वकील-व्यापाऱ्यांनीं अर्ज लिहिले. अर्ज उत्तम होते, ह्यांत शंका नाहीं. पण स्टँप विकावयाला नेमलेला अँड्र्यू ऑलिव्हर अर्जानें हटला नाहीं. १४ ऑगस्ट १७६५ रोजीं बोस्टनमध्यें एका एल्मच्या झाडाला त्याचा पुतळा टांगला गेला. संध्याकाळीं हजारों लोकांनीं तो पुतळा मिरविला व जाळला. त्यांच्या पुढें होता एबेनिझर मॅकिंटॉश नांवाचा चांभार. दुसऱ्याच दिवशीं ऑलिव्हरनें तें काम सोडण्याचें कबूल केलें. पडद्यामागें कांहीं बऱ्या स्थितींतले दुकानदार आणि दारूच्या भट्ट्यांचे मालक होते, हेंही खरें. परंतु बारा दिवसांनीं, २६ ऑगस्टला, जमावानें उपराज्यपाल टॉमस हचिन्सनचा वाडा फोडून रिकामा केला, तेव्हां हे पडद्यामागचे लोक घाबरले. स्टँपाविरुद्ध राग असावा, पण वाड्याविरुद्ध असूं नये, असें त्यांचें म्हणणें. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हावयाचा होता. त्या दिवशीं स्टँप विकावयाला बहुतेक ठिकाणीं माणूसच उरला नाहीं. मार्च १७६६ मध्यें पार्लमेंटनें कायदा रद्द केला, पण त्याच दिवशीं दुसरा ठराव करून ठेवला कीं, वसाहतींवर वाटेल तो कायदा करण्याचा अधिकार आम्हांला आहेच. जखम बांधली, पण कांटा आंतच ठेवला.

१७६७ सालीं कांच, शिसें, रंग, कागद आणि चहा ह्यांवर जकात बसली. लोकांनीं विलायती माल घेणें बंद केलें. गांवोगांव बाया एकत्र बसून सूत कातूं लागल्या. ज्या कारागिराचा माल विलायती मालापुढें पडून राहत होता त्याला ह्या बहिष्कारानें काम मिळालें. १७७० सालीं पार्लमेंटनें चहाखेरीज बाकीची जकात उठविली, आणि व्यापाऱ्यांनीं झटपट बहिष्कार मोडून जहाजें भरलीं. कारागीर म्हणत होते, चालूं ठेवा. पण मालाची ऑर्डर देणारा कारागीर नव्हता. वक्तेमहाशयांच्या व्याख्यानांत ही गोष्ट आली नाहीं.

मध्यंतरीं, १ ऑक्टोबर १७६८ रोजीं, बोस्टनमध्यें लाल डगलेवाल्यांची फौज उतरली होती. शहराची वस्ती पंधरा-सोळा हजार. त्यांत शिपाई आले, आणि शिपायाला पगार तुटपुंजा. म्हणून रिकाम्या वेळीं तो मजुरीला जाई व गांवच्या मजुरापेक्षां कमी पैशांत काम करी. आतां सांगा, दोरखंडाच्या कारखान्यांतल्या मजुराला हें स्वातंत्र्याचें तत्त्वज्ञान वाटलें असेल कीं भाकरीचा प्रश्न? २ मार्च १७७० रोजीं अशाच एका कारखान्यावर काम मागावयाला आलेल्या शिपायाशीं मजुरांची मारामारी झाली. तीन दिवसांनीं, ५ मार्चच्या रात्रीं, बर्फाचे गोळे, शिव्या आणि लाठ्या ह्यांच्या गर्दींत शिपायांनीं गोळ्या झाडल्या. पांच जण मेले. क्रिस्पस ॲटक्स हा खलाशी, आफ्रिकी व मूळ-रहिवासी अशा दोन्ही रक्तांचा. सॅम्युएल ग्रे दोरखंड वळणारा. जेम्स काल्डवेल खलाशी. सॅम्युएल मॅव्हरिक हा सतरा वर्षांचा उमेदवार कारागीर. आणि पॅट्रिक कार हा कातड्याचें काम करणारा आयरिश. पांचांत वकील एकही नाहीं.

वकील नंतर आला. शिपायांची बाजू जॉन ॲडम्सनें चालविली. हेच पुढें अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, ह्या तत्त्वासाठीं त्यांनीं लोकांचा रोष पत्करला, ह्याबद्दल त्यांस मान द्यावा. पण कोर्टांत त्यांनीं त्या मेलेल्यांच्या जमावाचें वर्णन कसें केलें? उनाड पोरें, हबशी, आयरिश, परके खलाशी, असा हा मवाली घोळका, अशा अर्थाचें. सहा शिपाई सुटले, दोघांच्या अंगठ्यांवर डाग दिला, एवढीच शिक्षा. असो.

आतां चहा. ह्या गोष्टीला आपल्या देशाशीं संबंध आहे, म्हणून जरा नीट ऐका. चहा होता चीनचा, पण आणणारी होती ईस्ट इंडिया कंपनी. जी बंगालची दिवाणी घेऊन बसली होती तीच. १७६९-७० सालीं बंगालांत दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जनें स्वतः १७७२ सालीं अंदाज दिला कीं निदान तिसरा हिस्सा लोक मेले. आणि तरीही सारावसुली चालूंच होती. एवढें करूनही कंपनी बुडावयाला आली, कारण तिचे नोकर गबर झाले आणि लंडनच्या गोदामांत कोट्यवधि पौंड वजनाचा चहा पडून राहिला. १७७३ सालीं सरकारनें तिला चौदा लाख पौंड कर्ज दिलें व अमेरिकेंत परस्पर चहा विकण्याची सवलत दिली. चहा त्यामुळें स्वस्तच होणार होता. पण पौंडामागें तीन पेनी जकात कायम, आणि विक्री कंपनीच्या मर्जींतल्या आडत्यांकडे. चोरटा चहा विकणारे बडे व्यापारी चिडले, हें त्यांच्या पोटाचें कारण. परंतु अमेरिकेंतल्या लिहिणाऱ्यांनीं हेंही लिहिलें कीं, ज्या कंपनीनें बंगाल्यांना उपाशीं मारलें ती आतां आमच्या दारांत आली आहे. जॉन डिकिन्सन ह्यानें ह्याच अर्थाचें पत्रक १७७३ सालीं काढलें. बंगालच्या शेतकऱ्याचें मरण सात समुद्रांपलीकडे कोणाला तरी इशारा म्हणून उपयोगीं पडलें. त्या शेतकऱ्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाहीं.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रांत टाकला. वजन ९० हजार पौंडांवर. टाकणाऱ्यांत जॉर्ज ह्यूज नांवाचा एक गरीब चांभार होता. शीळ चांगली घालतो म्हणून त्याला टोळीचा मुकादम केलें. जहाजाच्या कप्तानाकडे जाऊन त्यानें किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागून घेतल्या. चहाखेरीज कशाला हात लावावयाचा नाहीं, असा नियम होता. कोटाच्या अस्तरांत चहा भरणाऱ्या एकाला ह्याच ह्यूजनें कोट धरून ओढला. तोंडें रंगवून मोहॉक लोकांचा वेष घेतला होता. ज्यांच्या जमिनीवर डोळा, त्यांचाच वेष. हाही एक विनोदच.

आमच्या शाळेच्या पुस्तकांत ह्यानंतर लगेच लढाई येते. पोरांना वाटतें, चहा बुडाला आणि तोफा सुरू झाल्या. तसें नाहीं. चहा आणि पहिली गोळी ह्यांमध्यें सोळा महिने आहेत, आणि खरी राज्यक्रांति त्या सोळा महिन्यांत खेड्यांत झाली. वक्तेमहाशयांनीं हे सोळा महिने एका वाक्यांत उडविले.

सरकारनें १७७४ सालीं शिक्षा म्हणून कायदे केले. १ जूनपासून बोस्टनचें बंदर बंद. हें शहरापुरतें. पण दुसरा कायदा सगळ्या मॅसॅच्युसेट्स प्रांताला लागू झाला, आणि तो खेड्यांच्या मुळावर आला. त्या प्रांतांत प्रत्येक गांवची सभा असे. गांवचे जमीनवाले पुरुष तिच्यांत जमत, पंच निवडीत, रस्ते, शाळा, कर ठरवीत. स्त्रियांना, गुलामांना आणि कंगालांना तींत मत नव्हतें, हें विसरूं नका. तरी सामान्य शेतकऱ्याला तींत उभें राहून बोलतां येई. नव्या कायद्यानें वर्षांतून एक सभा सोडून बाकी प्रत्येक सभेला गव्हर्नरची परवानगी लागूं लागली. वरिष्ठ मंडळ राजा नेमणार. न्यायाधीश गव्हर्नर नेमणार व काढणार. ज्यूरी शेरीफ निवडणार.

शेतकऱ्यानें ह्याचा अर्थ चटकन् ओळखला. जिल्ह्याच्या कोर्टांत चालतात कसले दावे? बहुतेक कर्जाचे. आजवर निदान ज्यूरींत गांवची माणसें बसत. आतां न्यायाधीशही सरकारचा, ज्यूरीही सरकारची, आणि विचारावयाला गांवसभाही नाहीं. मग जमीन सावकाराच्या नांवें व्हावयाला किती दिवस? चहावांचून माणूस जगतो, शेतावांचून नाहीं. चहाच्या जकातीनें जें झालें नव्हतें तें ह्या कायद्यानें झालें. बोस्टनपासून दूर असलेलीं गांवें, जीं आजवर शहरी गडबडीकडे मान वळवून पाहत होतीं, तीं उठलीं.

१६ ऑगस्ट १७७४ रोजीं पश्चिमेकडल्या ग्रेट बॅरिंग्टन येथें सुमारें दीड हजार लोकांनीं कोर्टाची इमारत अशी गच्च भरून टाकली कीं न्यायाधीशांना आंत पाऊल टाकतां येईना. ६ सप्टेंबरला वूस्टर येथें तर मोजणी झाली: ३७ गांवांतून ४,६२२ माणसें, प्रत्येक गांवची तुकडी निराळी, प्रत्येक तुकडीनें त्या दिवसापुरता आपला प्रतिनिधि निवडलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा. मधून न्यायाधीश व सरकारी कामगार, टोपी हातांत घेऊन, पायीं. नव्या कायद्याखालीं आम्ही काम करणार नाहीं, असा कबुलीजबाब त्यांनीं वाचावयाचा. एकदां वाचून सगळ्यांना ऐकूं जाईना, म्हणून पुढें जाऊन पुन्हां वाचावयाचा. असा तीसांहून अधिक वेळां वाचला. रक्ताचा थेंब सांडला नाहीं. वूस्टरच्या ह्या लोकांचा पुढारी टिमथी बिगेलो नांवाचा लोहार होता.

एकामागून एक कोर्टें बंद पडलीं. गव्हर्नर जनरल टॉमस गेज ह्याची हुकमत बोस्टनबाहेर उरली नाहीं. ४ ऑक्टोबर १७७४ रोजीं वूस्टरच्या गांवसभेनें आपल्या ह्या लोहार प्रतिनिधीला लेखी सूचना दिल्या कीं, जुनी सनद संपली असें समजावें आणि लोकांमधून नवें सरकार उभारण्याची खटपट करावी. त्या वेळीं फिलाडेल्फियांत बारा वसाहतींचे विद्वान प्रतिनिधि काँग्रेस भरवून बसले होते. ते राजाला अर्ज लिहीत होते, आणि मॅसॅच्युसेट्सला सांगत होते कीं, जपून राहा, तुमच्यावर हल्ला झाल्यावांचून हात उचलूं नका. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला ४ जुलै १७७६ रोजीं, म्हणजे वूस्टरच्या लोहाराच्या हातांत कागद पडल्यावर एकवीस महिन्यांनीं. कोण कोणाच्या मागून चालत गेलें, वक्तेमहाशय?

पत्रव्यवहार मंडळें सॅम्युएल ॲडम्सनें बांधलीं, तो कॉलेजांत शिकलेला होता, आणि त्या पत्रांवांचून गांवाला गांव इतक्या लवकर जोडलें गेलें नसतें. हें मी नाकारीत नाहीं. लिहिणाऱ्याचें श्रेय लिहिणाऱ्याला द्या. पण चिठ्ठी पोहोंचविणारा आणि चिठ्ठी वाचून नांगर सोडणारा, ह्यांना अडाणी म्हणूं नका. त्या प्रांतांत गांवांनीं शाळा चालवाव्या असा कायदा १६४७ सालापासून होता. बहुतेक शेतकऱ्यांना वाचतां येत होतें. हें वाक्य मी मास्तर म्हणून मुद्दाम लिहितों.

आतां दारूगोळा. १ सप्टेंबर १७७४ च्या पहांटे गेजच्या शिपायांनीं बोस्टनजवळच्या कोठारांतून बंदुकीच्या दारूचीं २५० पिंपें उचलून नेलीं. अफवा उठली कीं गोळीबार झाला, माणसें मेलीं. हजारों शेतकरी बंदुका घेऊन बोस्टनच्या वाटेला लागले. अफवा खोटी ठरली, ते परतले; पण दोन्ही बाजूंना कळलें कीं हांक दिली तर किती माणूस उठतो. त्या हिवाळ्यांत गांवांनीं आपल्या पलटणी नव्यानें बांधल्या, जुने राजनिष्ठ अंमलदार काढले, नवे मतांनीं निवडले, आणि पळभरांत तयार होणाऱ्या तुकड्या वेगळ्या काढल्या. २६ फेब्रुवारी १७७५ रोजीं सेलम येथें तोफा जप्त करावयाला कर्नल लेस्लीची पलटण आली, तर गांवकऱ्यांनीं उचलता पूल वर ओढून ठेवला. तास-दोन तास हुज्जत झाली. शेवटीं ठरलें कीं पलटणीनें पूल ओलांडून थोडें पुढें जावें आणि तसेंच परत फिरावें, म्हणजे हुकूमही पाळला जाईल आणि अब्रूही राहील. तोफा तोंवर हलविलेल्या होत्या.

दर वेळीं असें निभावत नाहीं. एप्रिलच्या मध्यास लंडनहून गेजला हुकूम पोहोंचला कीं कडक उपाय करा. त्यानें कॉन्कॉर्ड गांवीं सांठविलेला दारूगोळा नष्ट करण्याचें ठरविलें. १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं सुमारें सातशें शिपाई होड्यांतून नदी उतरले. त्याआधींच चर्चच्या मनोऱ्यांत दोन कंदील लागले होते. पॉल रिव्हिअर हा सोनार एका वाटेनें निघाला, विल्यम डॉज हा कातडीं कमावणारा दुसऱ्या. गांवोगांव घंटा वाजल्या.

पहांटे लेक्सिंग्टनच्या माळावर कप्तान जॉन पार्कर सत्तर-पंचाहत्तर माणसें घेऊन उभा होता. पार्कर शेतकरी व यंत्रकामाचा जाणकार. क्षयानें पोखरलेला, त्याच सप्टेंबरांत तो वारला. सातशें शिपायांना अडवावयाला हीं माणसें उभीं नव्हतीं. आम्ही येथें आहों, एवढेंच दाखवावयाला होतीं. पांगा असा हुकूम झाला, माणसें पांगूं लागलीं, आणि कोठून तरी एक गोळी सुटली. ती कोणाची, ह्याचा निकाल अजून लागलेला नाहीं. मग शिपायांनीं फैरी झाडल्या. आठ गांवकरी मेले, दहा जखमी झाले. जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक नांवाचा एक गुलाम होता. ज्या स्वातंत्र्यासाठीं त्याला गोळी लागली तें त्याच्या स्वतःजवळ नव्हतें.

फौज कॉन्कॉर्डला गेली. बहुतेक माल गांवकऱ्यांनीं आधींच शेतांत पुरला होता, शेजारच्या गांवीं नेला होता. सांपडले ते तोफांचे गाडे शिपायांनीं जाळले. आगीची झळ सभागृहाला लागली. मार्था मोल्टन नांवाची एकाहत्तर वर्षांची विधवा शिपायांना विनवूं लागली, आणि खरोखर त्यांनीं बादल्या घेऊन आग विझविली. पण विझतांना धूर अधिकच उठला. टेकडीवर आसपासच्या गांवांचीं सुमारें चारशें माणसें जमलीं होतीं. त्यांना वाटलें, गांव पेटविलें. जोसेफ होस्मर नांवाच्या एका सुतारानें विचारलें कीं गांव जळूं द्यावयाचें काय. माणसें रांगेनें पुलाकडे उतरलीं. आपण होऊन गोळी झाडूं नये, असा हुकूम होता. पुलापाशीं शिपायांनीं आधीं झाडली. ॲक्टन गांवचा आयझॅक डेव्हिस आणि त्याच्या तुकडींतला ॲब्नर होस्मर पडले. डेव्हिसचा धंदा बंदुका घडविण्याचा. तेव्हां पहिल्यानेंच राजाच्या फौजेवर हुकमानें बार काढण्यांत आला.

परतीची वाट सोळा-सतरा मैलांची. प्रत्येक दगडी बांधामागें, प्रत्येक झाडामागें शेतकरी. वाटेंत तोफा घेऊन दुसरी पलटण मदतीला आली नसती तर पहिली शिल्लक राहती ना. सूर्य मावळेपर्यंत फौजेचे ७३ मेले, १७४ जखमी, २६ बेपत्ता. गांवकऱ्यांचे ४९ मेले. थोड्याच दिवसांत पंधरा-वीस हजार माणसांनीं बोस्टनला वेढा घातला. दिवस शेतीच्या कामाचे होते. घरीं कामें कोणीं केलीं असतील तें बायांना विचारा.

आतां ह्या शेतकऱ्यांना पुढें काय मिळालें? आठ वर्षांनीं लढाई संपली. कॉर्नवॉलिस १७८१ सालीं यॉर्कटाउनला शरण गेला, आणि १७८६ सालीं तोच बंगालवर गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९३ चा कायमधारा त्याचाच. तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या नव्या सरकारनें लढाईचें कर्ज फेडावयाला जबर कर बसविले, तेही नाण्यांत. ज्यांना पगाराऐवजीं कागद मिळाला होता त्यांनीं ते सट्टेवाल्यांना कवडीमोलानें विकले होते, आणि सरकार त्या सट्टेवाल्यांचे पैसे चुकते करण्यासाठीं त्याच शिपायांकडून कर वसूल करीत होतें. १७८६ सालीं पश्चिमेकडल्या शेतकऱ्यांनीं पुन्हां तेंच केलें: कोर्टें बंद पाडलीं. त्यांच्या पुढाऱ्यांतला डॅनिएल शेज बंकर हिलला लढलेला होता. बोस्टनच्या धनिकांनीं वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ रोजीं स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर तोफ डागली गेली व शेतकऱ्यांपैकीं चार मेले. आणि सॅम्युएल ॲडम्स, ज्यानें १७७४ सालीं कोर्टबंदीला आशीर्वाद दिला, तो आतां सर्वांत कडक शिक्षा मागणाऱ्यांत होता. राजाविरुद्ध बंड करणें निराळें आणि लोकसत्तेविरुद्ध निराळें, असें त्याचें म्हणणें. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याला हा भेद कसा कळावा?

गुलामांचें तर बोलूंच नका. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनीं १७७३ व १७७४ सालीं अर्ज केले होते कीं, तुम्ही स्वातंत्र्य मागतां, तर आमच्याही मानेवरचें जूं काढा. त्या प्रांतांत कोर्टाच्या निकालांनीं १७८३ च्या सुमारास गुलामगिरी संपली. साऱ्या देशांत संपावयाला १८६५ साल उजाडलें, आणि मध्यें भाऊ भावाशीं लढला. तरी संपविली हें खरें. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेंतल्या त्या सज्जनांनाच अर्पण केला, ज्यांनीं हबशी गुलामांना मुक्त करावयाला स्वार्थत्याग केला. जोतीरावांनीं वाचलेला टॉमस पेन ह्याच राज्यक्रांतींतला लेखक. पेन मूळचा बायकांच्या चोळ्यांच्या पट्ट्या शिवणारा कारागीर. १७७६ च्या जानेवारींत त्यानें साध्या माणसाला कळेल अशा भाषेंत 'कॉमन सेन्स' लिहिलें. व्याख्यानांत पेनचें नांव आलें होतें. त्याचा धंदा आला नव्हता.

चांभारदादा, राहिला तुमचा ह्यूज. चहा बुडविल्याच्या गोष्टीला 'टी पार्टी' हें गमतीचें नांवसुद्धां पन्नासेक वर्षांनंतर पडलें. तोंवर बोस्टनचे प्रतिष्ठित लोक त्या रात्रीबद्दल फारसें बोलतच नसत. ह्यूज लढाईंत गेला, खलाशी झाला, परत आला, जोडे शिवूं लागला, आणि गरीबच राहिला. १८३४ सालीं, तो नव्वदीच्या पुढें गेल्यावर, कोणा लेखकानें त्याला न्यूयॉर्क प्रांतांतल्या एका खेड्यांत शोधून काढलें आणि त्याच्या तोंडची हकीकत छापली. दुसऱ्या वर्षीं ४ जुलैच्या समारंभाला त्याला बोस्टनला नेलें, मानानें बसविलें, त्याची तसबीर काढली. ती तसबीर अजून आहे. त्यांत त्याच्या अंगावर सणाचे कपडे आहेत.